हौसेचाही हिशोब असतो

"कुपे? म्हणजे रेल्वेतला?" सासूबाईंनी विचारलं, आणि आमच्या घरातल्या त्या गाजलेल्या चर्चेला तोंड फुटलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या पिढीला कुपे म्हणजे फर्स्ट क्लासच्या डब्यातली दोन माणसांची बंद खोली. मी बोलत होते ती मोटारीबद्दल. दोन दारांची, बुटकी, मागच्या बाजूला उतरत गेलेल्या छपराची गाडी. गंमत म्हणजे शब्द एकच आहे. फ्रेंचमध्ये कूपे म्हणजे कापलेला. घोडागाडीचा एक भाग कापून टाकून दोघांपुरती केलेली बग्गी, ती कूपे. तिथून तो शब्द आगगाडीत आला आणि मोटारीतही. थोडक्यात काय, तर बाकीच्या मंडळींची जागा कापून टाकलेलं वाहन. आमच्या घरात नेमकी तीच गोष्ट कुणाला पचेना.

झालं असं, की २०२५च्या जूनमध्ये माझी विम्याची पॉलिसी पिकली. तेवीस वर्षं माझ्या पगारातून हप्ता जात होता. दादरच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईचा हप्ता तो केवढा असणार! पण तळं थेंबाथेंबानेच साचतं. सात लाखांच्या आसपास रक्कम हातात येणार म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाने ती आपापल्या परीने खर्च करून टाकली. नवरा म्हणाला, सात सीटर घेऊ, कणकवलीला सगळ्यांना एकदम जाता येईल. मुलगी म्हणाली, एसयूव्ही, आणि तीही सनरूफवाली. सासूबाई म्हणाल्या, एफडी.

मी म्हटलं, "मला छोटी, चपळ, दोन दारांची गाडी हवीय. सेकंडहँड चालेल. रोज मी चालवणार."

"पण गरज काय तिची?" नवऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासूबाईंच्या डॉक्टरची गरज होती, मुलीच्या क्लासची होती, गावच्या गणपतीची होती. घरातली जुनी गाडी मी वीस वर्षं चालवत आले ती याच सगळ्या गरजांसाठी. स्वतःला आवडतं म्हणून स्टिअरिंगवर बसल्याचं मला एकदाही आठवेना.

हे खूळ डोक्यात कधी शिरलं, ते मात्र नीट आठवतं. साल १९७८. मी सात वर्षांची. ठाकूरद्वारजवळच्या आमच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांची गाडी होती स्टँडर्ड हेराल्ड. गल्लीत येणाऱ्या बाकीच्या गाड्या म्हणजे फियाट, आणि त्यातही जुनं मॉडेल असलं तर आम्ही पोरं तिला 'डुक्कर फियाट' म्हणायचो. हेराल्ड वेगळी होती. दोनच दारं. आणि तिचं बॉनेट उघडायचं ते पुढच्या मडगार्डांसकट, मगरीने जबडा वासावा तसं. एकदा गाडी बंद पडली. डॉक्टरीणबाईंनी पदर कमरेला खोचला, तो जबडा उघडला आणि आत डोकं घातलं. चाळीच्या गॅलऱ्या भरल्या. "बोलवा की कुणाला तरी," असं चार जण म्हणाले. त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. दहा मिनिटांनी हात पुसत त्या आत बसल्या, गाडी सुरू केली आणि निघून गेल्या. गॅलरीतून आई एवढंच म्हणाली, "बाई आपली गाडी आपण चालवते."

तेव्हापासून दोन दारांची गाडी म्हणजे माझ्या लेखी 'आपली' गाडी.

आता प्रत्यक्ष शोधाला लागले. पहिला धक्का असा, की आपल्या देशात स्वस्तातली दोन दारांची गाडी हा प्रकार औषधापुरताच आहे. हेराल्ड इतिहासजमा झाली. १९९१ साली पुण्यात टाटांची सिएरा आली. तिलाही दोनच दारं होती, पण ती दणकट जीपच्या जातीची. (२०२५मध्ये ती नव्या रूपात परत आली, तर सगळी दारं घेऊन.) २००३मध्ये मारुतीने झेनच्या कार्बन आणि स्टील अशा दोन दारांच्या मर्यादित आवृत्त्या काढल्या. आज त्या हौशी लोकांनी जपून ठेवल्यात आणि ते सहसा विकत नाहीत. आपल्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या बॉडीची चिमुकली दोन सीटर बनायची, तिला रेनोचं इंजिन होतं. कल्पना गोड, पण तिचे सुटे भाग आज शोधायचे कुठे? अलीकडे तर 'कूपे' म्हणून चार दारांच्या उंच गाड्याही विकल्या जातात, केवळ मागून छप्पर उतरतं म्हणून. म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

राहिल्या त्या जर्मन. दहा-बारा वर्षं जुनी, दोन दारांची, बाहेरून चकाचक. नवी असताना चाळीस-पन्नास लाखांची गाडी वय झालं की बरीच खाली येते. माझ्या डोळ्यांत चमक आली. ती आमच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींनी पाहिली. लालबागच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे आणि आमच्या गाडीची वीस वर्षांची कुंडली त्यांना पाठ आहे. ते म्हणाले, "ताई, गाडीचा भाव उतरतो, बंपरचा उतरत नाही. विकत घेताना ती दहा लाखांची, रिपेअरला आली की पन्नास लाखांची."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. सेकंडहँड स्पोर्टी गाडी घेणाऱ्या प्रत्येकीने लिहून ठेवावं. खरेदीची रक्कम म्हणजे निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी म्हणजे टायर, ब्रेक, क्लच, विमा आणि वाट पाहणं. म्हणून माझ्या सात लाखांतले सत्तर हजार मी आधीच बाजूला काढले. गाडी कितीही सुंदर असो, ते पैसे तिच्या किमतीत घालायचे नाहीत, फक्त तिच्या दुरुस्तीत.

दुसरा धक्का टेपने दिला. दर्जी मापं घेतो तशी मी आमच्या इमारतीच्या पार्किंगची मापं घेतली. चाळ जाऊन टॉवर झाला आणि गाड्या एकावर एक ठेवायचं लोखंडी स्टॅक पार्किंग आलं. त्यात गाडी घातली की दोन्ही बाजूंना वीतभरच जागा उरते. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं. ते पुरतं उघडणार नाही, म्हणजे मी रोज आकसून, पोट आत घेऊन बाहेर पडणार. आईच्या गल्लीत तर दोन्ही बाजूंना स्कूटर. शिवाय पार्किंगच्या लोखंडी पाट्यावर चढताना बुटक्या गाडीचं पोट घासतं ते वेगळंच.

पोटावरून आठवलं. आपल्याकडे गाडी बघताना सगळ्यात आधी 'अ‍ॅव्हरेज काय देते' असं विचारतात. आमच्या भागात आधी विचारायला हवं, 'जमिनीपासून उंच किती?' लालबागहून परळ, हिंदमाता, दादर हा माझा रोजचा रस्ता. हिंदमाताचं पाणी ही आमची पावसाळी ओळख. परळ आणि दादरला जमिनीखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यापासून ते पूर्वीइतकं थांबत नाही हे खरं. पण २०२५मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला, तेव्हा हिंदमाता पुन्हा दिसायचा तसाच दिसला. बुटकी गाडी रस्त्याला धरून वळते, ते तिचं सौंदर्य. तोच बुटकेपणा गुडघाभर पाण्यात मुळावर येतो. हवा घ्यायचा पाइप खाली असेल तर इंजिनात पाणी जातं. आणि बंद पडलेली गाडी तुम्ही पुन्हा पुन्हा सुरू करायला गेलात, तर आतलं नुकसान साधी पॉलिसी सहसा भरून देत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावायचा नाही, ढकलत न्यायची. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी लाखभर रुपये वाचतात.

याच पाण्याने मला पहिल्या फसवणुकीतून वाचवलं. एका विक्रेत्याकडे लालचुटूक गाडी उभी होती. एजंट सांगत होता, "मॅडम, सिंगल ओनर, लेडीज ड्रिव्हन. वर्षाला चार हजार किलोमीटरसुद्धा नाही." मेस्त्रींनी मला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी सीटबेल्ट ओढायला लागले. नेहमी घालताना ओढतो तेवढा नाही, अगदी शेवटापर्यंत. आपण सीट धुतो, गालिचा बदलतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याचं शेवटचं टोक कुणी धूत नाही. तिथे मातीची सरळ तपकिरी रेघ होती. पाणी तिथवर चढलं होतं. मग डिकीतली स्टेपनी उचलून पाहिली, तर खालच्या खळग्यात वाळलेला गाळ. सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज. अत्तराच्या वासाखाली कुबट वास. एजंटने लगेच दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवलं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी पाहिलं. एवढा पाऊस रोज पडत नाही, पण बुडालेली गाडी पुसून विकायची कला दर पावसाळ्यानंतर बाजारात येते. म्हणून जून ते ऑक्टोबर गाडी बघायला जाणाऱ्यांनी नाक आणि बोटं, दोन्ही सोबत न्यावीत.

घरी येताना मात्र गाळापेक्षा त्या 'लेडीज ड्रिव्हन'चाच विचार डोक्यात घोळत राहिला. सेकंडहँडच्या बाजारात हे विशेषण म्हणजे गुण समजतात. बाईने चालवलेली, म्हणजे कमी चाललेली, जपलेली. पण आपण बायका गाडी जपून वापरतो, की ती आपल्याला वापरायलाच मिळत नाही? बाजारापर्यंत, शाळेपर्यंत, स्टेशनपर्यंत. लांबचा रस्ता आला की "तू दमशील, दे इकडे." चार हजार किलोमीटरचा तो आकडा मला एकदम वाईट वाटायला लागला.

आणि दुसरीकडे पुण्याच्या डायना पंडोले. शिक्षिका, दोन मुलांची आई. २०२४च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर एमआरएफच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलून गटाचं विजेतेपद त्यांनी मिळवलं. मोटार शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मला काही शर्यत लावायची नव्हती. पण बाईचा आणि वेगाचा संबंध फक्त भाजीच्या पिशवीपुरता नसतो, एवढं घरात सांगायला ती बातमी उपयोगी पडली. मी ती कापून फ्रिजवर लावली.

दोन दारांचा हट्ट सोडायचा, पण चपळपणाचा नाही, असं ठरल्यावर चित्र बदललं. आपल्याकडे सामान्य माणसाची स्पोर्ट्स कार म्हणजे दमदार इंजिनाची छोटी हॅचबॅक. माझ्या यादीत तीन नावं उरली.

पहिली, मन जिंकणारी. फियाट पॅलिओ, १.६ इंजिनाची. २००१ साली आली, आपल्या कुर्ल्यात बनली, आणि जाहिरातीत सचिन होता. स्टिअरिंगमध्ये काय जिवंतपणा! रस्त्यावरचा खडा तळहाताला कळतो. पण गाडीचं वय वीसच्या पुढे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. रविवारी फिरवायला तिच्यासारखी नाही. सकाळी सव्वासातच्या शाळेला पोचायचं असेल, तर नको.

दुसरी, मुलीला आवडलेली. अबार्थ पुंटो. नाकावर विंचवाचं चिन्ह, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा दहा लाखांच्या आत होती आणि पुण्याजवळ रांजणगावला बनायची. दाबली की पाठ सीटला चिकटते. मी चालवली. फ्री वेवर स्वर्ग होता. मग मुद्दाम संध्याकाळी साडेसहाला परळला नेली. जड क्लच. केईएमपासून भारतमातापर्यंत मी किती वेळा पाय दाबला ते मोजणं सोडून दिलं. घरी येऊन डाव्या गुडघ्याला तेल लावलं. वर, फियाटच्या गाड्या इथे बनायच्या थांबल्या त्या २०१९मध्ये. इंजिनाचं सामान मिळतं, पण दिवा किंवा बंपर गेला तर वाट बघायची. ऑपेरा हाऊसला सुट्या भागांच्या दुकानांत मी विचारून पाहिलं. एक जण म्हणाला, "मिळेल. कधी ते नका विचारू."

इथे मी एक धडा शिकले. स्पोर्टी गाडीची ट्रायल सगळे मोकळ्या रस्त्यावर घेतात. प्रेमात पडायला तेवढं पुरतं. संसार करायचा असेल तर तिला गर्दीत न्यावं.

तिसरी, फोक्सवॅगन पोलो. पुण्याजवळ चाकणला बनायची, २०२२मध्ये बंद झाली. पण रस्त्यावर इतक्या आहेत, की सामान मिळतं आणि हात बसलेले मेस्त्रीही. तिच्या जीटी टीएसआय या प्रकाराचं २०१३पासून फार नाव. १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती, आणि दोन क्लचची सात गिअरची ऑटोमॅटिक पेटी. गिअर पडतात ते कळतसुद्धा नाहीत. पण त्या पेटीचे क्लच कोरडे असतात. पुढे-थांब-पुढे-थांब अशा आपल्या गर्दीत ते तापतात, गाडी झटके द्यायला लागते, आणि पेटीचा मेंदू गेला तर बिल लाखाच्या घरात जातं. एक गाडी सुटताना थरथरली तशी मेस्त्रींनी मागच्या सीटवरून मान हलवली. २०२०पासून पोलोला एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. ११० अश्वशक्ती आणि सहा गिअर, हाताने टाकायचे. क्लच हलका. मला अशीच हवी होती.

यादी एकावर आली, तरी दोन दारांची हळहळ मनात होतीच. मी आईला सांगायला गिरगावात गेले. ती आता ऐंशीची. गुडघे गेलेले. आठवड्यातून दोन-तीनदा मी तिला फिजिओथेरपीला नेते. मी म्हटलं, "आई, तुझ्यासाठी मागच्या दारांची गाडी घेतेय हो."

ती हसली नाही. म्हणाली, "माझं नाव नको पुढे करूस. मी पुढच्या सीटवर बसते. तुझ्या त्या डॉक्टरणीच्या गाडीसारखी दोन दारांची असती तरी पुढेच बसले असते. तुला तुझ्या पार्किंगमध्ये उतरता येत नाही म्हणून घेतेस, तसं सांग."

खरंच होतं. आपल्या हौसेला आपण कुणाच्या तरी गरजेचा पदर ओढतो. मग पुढे कधी पश्चात्ताप झाला, तर त्या माणसाच्या नावावर टाकता येतो. मी आईचे गुडघे मोजून पाहिले होतेच म्हणा. बुटक्या सीटवरून उठताना गुडघ्यांवर किती भार येतो, ते तिला एका अनोळखी गाडीत बसवून मी बघितलं होतं. पण तो हिशोब माझ्यासाठी होता, तिच्यावर उपकार म्हणून नव्हे.

शेवटी गाडी मिळाली ती शिवाजी पार्कजवळ. २०२१ची, पांढरी, ३८ हजार किलोमीटर चाललेली. मालक परदेशी चालले होते. मी सकाळी सहाला गेले, कारण इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायचं असतं. आधीच तापवून ठेवलेली गाडी तिचे आजार लपवते. मागून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो नव्हता. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे २३२१ होतं, म्हणजे २०२१च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. चारही टायर सारखेच. म्हणजे किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत होता, आणि टायर लवकरच बदलायचे होते हेही कळलं. ते पैसे मी भावातून कापून मागितले. बॉनेट आणि दारांमधल्या फटी सगळीकडे सारख्या होत्या. सीटबेल्ट अर्थातच शेवटापर्यंत ओढला. मालकीणबाई बघत राहिल्या.

सव्वासात लाखांवरून सुरुवात झाली, सहा लाख साठ हजारांवर आम्ही थांबलो. बाजूला ठेवलेल्या सत्तर हजारांतले तीस मला मोडावे लागले, हेही प्रामाणिकपणे सांगते. हौसेचा हिशोब पै-पैचा कधी जुळत नाही.

मग कागद. इथे बऱ्याच जणी "ते हे बघतील" म्हणून मागे सरतात. सरू नका. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघायचं. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, नुसतं 'फिटलंय' म्हणून चालत नाही. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स, म्हणून दिल्लीची स्वस्त गाडी मुंबईत येईपर्यंत स्वस्त राहत नाही. १ एप्रिल २०१९च्या आधीची असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का ते बघा. थकलेले चलन सरकारच्या परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की दिसतात. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा. आणि नो क्लेम बोनस हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही. हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे विम्याचे पैसे माझ्या अंदाजापेक्षा जास्त गेले. आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप सर्व्हिसिंगला दरवेळी बघून घ्यायला मेस्त्रींनी बजावलंय.

आरसीचं नवं कार्ड घरी आलं. मालकाच्या रकान्यात माझं नाव. घरातल्या जुन्या गाडीवर, फ्लॅटवर आणि गॅसच्या कार्डावर नवऱ्याचं आहे. मी ते कार्ड जरा जास्तच वेळ हातात धरून बसले.

आणि मग ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली. गिरगावला स्टेशन, दादरला स्टेशन. नवरा पेपरामागून म्हणाला, "आता तर गरजच उरली नाही."

"नाहीच उरली," मी म्हटलं. इतके दिवस न सापडलेलं उत्तर मला सापडलं होतं. गणपतीच्या दिवसांत लालबागमधून गाडी बाहेर काढणं अशक्य असतं, तेव्हा मीही मेट्रोनेच जाणार आहे. घाई असेल तेव्हाही जाणार आहे. गरज भागवायला मेट्रो आहे, बस आहे, टॅक्सी आहे. हौसेला मोल नसतं असं म्हणतात, ते खरं नाही. मोल असतं, मी ते सहा लाख साठ हजार मोजलंय. फक्त त्या मोलाला कारण द्यावं लागू नये, एवढंच.

परवा रविवारी पहाटे आईला घेऊन कोस्टल रोडला गेले. चौपाटीकडून बोगद्यात शिरलो. दोन किलोमीटरचा तो बोगदा मलबार हिलच्या पोटातून जातो. आत ताशी साठची मर्यादा, बाहेर ऐंशीची. म्हणजे माझ्या ११० घोड्यांपैकी निम्मे बसूनच होते. पण बोगद्यातून बाहेर पडताना डावीकडे समुद्र आला, मी तिसऱ्यावरून चौथा टाकला आणि गाडी अशी अलगद पुढे सरकली, की आईने दाराचं हँडल पकडलं.

"हळू," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पुन्हा एकदा कर."

शाळा, गिरगाव आणि रविवारची पहाट मिळून चार महिन्यांत साडेचार हजार किलोमीटर झाले. कधी ना कधी ही गाडी मीही विकेन. तेव्हाची जाहिरात आत्ताच लिहून ठेवलीय: सेकंड ओनर, लेडीज ड्रिव्हन, भरपूर चाललेली.